सव्वापट बाळ

"हात लावू नकोस. चाचणी व्हायचीय अजून," नवरा म्हणाला, आणि बायकोने बाबागाडीच्या दांड्यावर ठेवलेला हात मागे घेतला.

गाडी खरं तर तिच्यासाठीच आली होती. ती शाळेत खेळाची शिक्षिका. लग्नाआधी, लग्नानंतर आणि बाळ पोटात असतानासुद्धा, डॉक्टरांनी डोळे वटारेपर्यंत, ती रोज सकाळी धावत असे. बाळ झालं आणि धावणं थांबलं. तेव्हापासून तिला घरात कोंडल्यासारखं होत होतं. "मला दागिना नको, साडी नको, काही नको. सकाळचा अर्धा तास दे," असं ती नवऱ्याला म्हणायची, आणि नवरा "बघू" म्हणायचा. बाळाला घेऊन धावता येईल अशी बाबागाडी मिळते, हे शोधून काढलं तिनेच. तीन मोठी चाकं, त्यांत सायकलसारखी हवा भरायची. धावताना पुढचं चाक सरळ अडकवून ठेवायची सोय. हातात ब्रेक, मनगटात अडकवायला पट्टा, बाळाला खांद्यांपासून मांड्यांपर्यंत बांधून ठेवणारे पट्टे वेगळे. तिने दुकान सांगितलं, गाडी सांगितली, रंगसुद्धा सांगितला. एवढं झाल्यावर माणसाने काय करायचं? जायचं आणि आणायची.

पण नवरा पडला लिफ्ट तपासनीस. दिवसभर लोकांच्या लिफ्टना पास-नापास करणारा माणूस बायकोच्या शब्दावर वस्तू कशी आणेल? त्याने कित्येक रात्री गाड्यांचा अभ्यास केला, आणि मग दुकानात जाऊन प्रत्येक गाडी उलटी करून बघितली.

"ही स्प्रिंग किती भार घेते?" त्याने विचारलं.

"साहेब, बाळ बसतं त्यात," दुकानदार म्हणाला.

"कमाल किती भाराचं?"

"तुमचं आहे तेवढ्या भाराचं बसवा की."

"आणि दांडा सुटला तर?"

"सोडायचा नाही, साहेब."

दुकानातली पोरं मालाच्या खोलीत जाऊन हसून आली. शेवटी त्याने तीच गाडी घेतली, जी बायकोने पहिल्या दिवशी सांगितली होती, त्याच रंगाची. घरी येऊन म्हणाला, "सगळ्यांचा अभ्यास केला. तुझी निवड योग्य निघाली." बायकोने कपाळावर हात मारला नाही, कारण कडेवर बाळ होतं.

बाळाच्या डॉक्टरांनी मात्र एक गोष्ट बजावून सांगितली होती. बाळ स्वतःचं स्वतः नीट बसायला लागेपर्यंत, म्हणजे सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत, त्याला गाडीत घालून धावायचं नाही. मान कोवळी असते, हिसके बसतात. बायकोला हे पटलं. इतके महिने थांबले, अजून थोडं थांबेन, असं म्हणून तिने बूट पुसून दाराजवळ ठेवले.

"तोवर मी चाचणी उरकून घेतो," नवरा म्हणाला.

"चाचणी कसली? गाडी आहे ती."

"अगं, आमच्याकडे नव्या लिफ्टमध्ये माणूस पाऊल ठेवत नाही, आधी सव्वापट भार घालून वरखाली पळवतात. आणि इथे तर पोटचं पोर बसवायचंय!"

बापाची काळजी म्हणून तिने सोडून दिलं. संध्याकाळी बघते तर डब्यातले तांदूळ गायब. नवरा जमिनीवर बसून उशीच्या अभ्र्यात तांदूळ भरून तोंड शिवत होता. बाळाच्या सव्वापट वजनाची पिशवी तयार झाली, पण गाडीच्या पट्ट्यांतून ती सारखी खाली घसरायची, कारण पिशवीला खांदे नसतात. मग त्याने पिशवीला बाळाचा जुना झबल्यासारखा अंगरखा घातला. तरी पट्टे वरून निसटायचे म्हणून टॉवेलचं डोकं केलं, त्यावर लोकरीची टोपी चढवली आणि पट्टे आवळले. आता झकास बसली.

"माझे तांदूळ!" बायको म्हणाली.

"चाचणीभार आहे तो," नवरा म्हणाला. "आता याला 'तांदूळ' म्हणू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासनीस गाडी घेऊन तळ्याभोवतीच्या रस्त्यावर धावायला निघाला. आयुष्यात कधी बससाठीसुद्धा न धावलेला माणूस. अर्ध्या फेरीतच त्याची जीभ बाहेर आली. तळ्याकाठच्या बाकावर सकाळी फिरायला येणारी मंडळी बसतात. त्यांच्या पुढारी म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात, आणि अजूनही त्यांच्यासमोर पाय पसरून बसत नाहीत. बाईंनी गाडीतली टोपी पाहिली, डासांची जाळी पाहिली, घामाने निथळणारा बाप पाहिला.

"झोपलंय वाटतं?" बाईंनी विचारलं.

तपासनीसाला सांगायचं होतं की, नाही, तांदूळ आहेत. पण त्याला इतका दम लागला होता की 'तां'सुद्धा तोंडातून निघेना. त्याने नुसती मान हलवली. आता मान वर-खाली हलली की आडवी हलली, हे त्यालाही कळलं नसेल. बाईंना मात्र ती होकाराची वाटली.

"बघा! याला म्हणतात बाप!" बाई बाकावरच्या पुरुषांकडे वळल्या. "बायकोला झोपू दिलं आणि पोराला घेऊन पहाटे बाहेर पडला. तुमच्यापैकी कुणी कधी आपलं मूल उचललं होतं का?"

बाकावरच्या आजोबांनी तळ्याकडे बघायला सुरुवात केली.

उद्या खरं सांगू, असं ठरवून तपासनीस घरी आला. पण उद्या बाईंनी त्याच्यासाठी बाकावर जागा राखली होती. परवा एका गृहस्थाने त्याच्याशी हात मिळवला. तेरवा दोन बायकांनी आपापल्या नवऱ्यांना त्याच्यासमोर उभं करून "बघ जरा" म्हणून ऐकवलं. हा माणूस आयुष्यभर लिफ्ट नापास करून शिव्या खात आला होता. कौतुकाची त्याला सवय नव्हती, आणि ज्याला सवय नसते त्याला ते लगेच चढतं. हळूहळू तो पिशवीच्या अंगावरचं पांघरूण थांबून थांबून नीट करू लागला. एकदा तर तिच्या टोपीवर थोपटताना दिसला.

"किती गुणी बाळ हो! कधी रडत नाही," लोक म्हणायचे.

"शांतच आहे पहिल्यापासून," तपासनीस म्हणायचा. हे मात्र खोटं नव्हतं.

इकडे घरात खरं बाळ गळा काढून रडत असायचं. त्याला कडेवर घेऊन बायको खोलीत येरझाऱ्या घालायची. बाळ सहा महिन्यांचं झालं, सातव्याला लागलं, खुर्चीत ताठ बसून चमचे फेकायला लागलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "आता घेऊन धावा खुशाल. सपाट रस्ता बघा, सावकाश सुरुवात करा." बायको त्या संध्याकाळी इतकी खूश होती की रात्री बुटांच्या नाड्या नव्या घालून ठेवल्या.

सकाळी उठते तर गाडी गायब आणि नवराही.

"आजपासून मी नेणार होते ना?" तो परत आल्यावर तिने विचारलं.

"उताराची चाचणी राहिलीय. ब्रेक तापतो का ते बघायचंय."

पुढच्या आठवड्यात ओल्या रस्त्याची राहिली. मग वाऱ्याची राहिली. मग सगळ्या चाचण्या एकदा उलट क्रमाने करायच्या राहिल्या.

"बरं, मग तू घरी थांब, बाळाला बघ. मी तशीच एकटी धावून येते," ती एकदा म्हणाली.

"मी कसा थांबू? मला बाळाच्या गाडीच्या चाचणीला जायला नको?"

तिने दाराजवळचे बूट उचलले आणि कपाटात टाकून धाडकन दार लावलं. रडू आलं होतं, पण नवऱ्यासमोर रडायचं नाही एवढा ताठा तिच्यात शिल्लक होता. शाळेची रजा संपत आली होती. शाळा सुरू झाली की सकाळ शाळेची, दुपार बाळाची, आणि धावणं कायमचं गेलं, हे तिला स्वच्छ दिसत होतं. नवरा मुद्दाम का टाळतोय, तेवढं काही केल्या कळत नव्हतं.

ते कळलं बाईंमुळे. सकाळच्या मंडळाने 'बाबागाडी दौड' ठरवली होती. बाळाला गाडीत घालून तळ्याला एक फेरी, पळा नाहीतर चाला, आणि शेवटी आदर्श बापाचा सत्कार. आदर्श बाप कोण, हे सांगायला नकोच. पण बाईंना वाटलं, या आदर्श बापाच्या बायकोलाही दोन शब्द ऐकवावेत. म्हणून तो तळ्याकडे गेलेला पाहून त्या मुद्दाम त्याच वेळी वर त्यांच्या घरी आल्या आणि घंटा वाजवली.

बायकोने दार उघडलं. खांद्यावर बाळ, बाळाच्या तोंडी भोंगा.

"मुली, स्पष्ट बोलते, राग मानू नकोस," बाई दारातच सुरू झाल्या. "नवरा इतका पोराला घेऊन पळतो म्हणून आपण लोळत पडायचं नसतं. सकाळी उठून..." तेवढ्यात त्यांचं लक्ष खांद्याकडे गेलं. "हे कोण?"

"आमचं बाळ," बायको म्हणाली.

"मग खाली गेलंय ते?"

"खाली काय गेलंय?"

"अगं, तुझं बाळ! टोपी घातलेलं. बाप रोज फिरवतो ते. आत्ता माझ्या डोळ्यांसमोरून गेलं!"

बायको दाराच्या चौकटीला टेकली. तिला आधी हसू आलं, मग राग आला, आणि राग हसण्याला पुरून उरला. उताराची चाचणी, वाऱ्याची चाचणी, सगळ्याचा उलगडा एका क्षणात झाला. तिने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "जुळं आहे."

"अगंबाई!" बाईंनी तोंडावर हात घेतला. "आणि बोलला नाहीत कुणी! तरीच! ते तसं गरीब आणि हे असं रडकं."

"हो ना. यांनी बरोबर गरीब तेवढं उचललं."

"पुरुषच ते," बाई म्हणाल्या. मग जरा विचार करून पुढे म्हणाल्या, "तरी पण तू नशीबवान हो. एक तरी नेतो."

मग त्यांनी दौडीचं आमंत्रण दिलं, दुसऱ्या बाळासाठी आपल्या नातवाची जुनी गाडी देऊ केली आणि त्या निघाल्या.

तपासनीस परत आला तो पांढराफटक पडून. बाई लिफ्टने खाली उतरेपर्यंत त्यांना धीर धरवला असावा, त्यापुढे नाही.

"खाली लोक माझं अभिनंदन करतायत," तो म्हणाला. "जुळ्यांबद्दल!"

"मग आभार मानलेस ना?"

"हे काय सांगितलंस तू बाईंना?"

"मी कुठे काही केलं? दुसरं मूल तूच केलंस. मी नुसतं मान्य केलं." बायको त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "जा खाली, सांग सगळ्यांना की तांदूळ आहेत म्हणून. आत्ता जा."

तपासनीस दारापर्यंत गेला आणि परत आला. "आता कसं सांगू गं? सत्कार ठरलाय."

"मग दौडीला आपण चौघेही जाऊ. ही गाडी माझ्या बाळाला. तुझ्या बाळासाठी बाईंनी त्यांच्या नातवाची जुनी गाडी माळ्यावरून काढायला सांगितलीय. तू तुझं सांभाळ, मी माझं सांभाळते."

"पण ती साधी गाडी! छोट्या चाकांची! ती धावायला चालत नाही!"

"तुझ्या बाळाला काय होतंय? गुणी आहे ते."

दौडीच्या दिवशी तळ्याकाठी झाडून सगळे जमले. बाईंच्या नातवाची गाडी म्हणजे एक दिव्य प्रकरण होतं. सुपारीएवढी चाकं, त्यातलं पुढचं एक आपल्याच विचारात गरगर फिरणारं, ब्रेक नावालाही नाही. तपासनीसाने टोपीवाल्या पिशवीला तिच्यात बांधलं. शेजारी बायकोने बाळाला पट्ट्यांत नीट बसवलं, दोन बोटं जातील एवढे ते सैल-घट्ट केले, पुढचं चाक अडकवलं, मनगटात पट्टा घातला. चाकांतली हवा तिने आदल्या रात्रीच भरली होती. बाळ रडायच्या तयारीत होतं. गाडी हलली तसं ते गप्प बसलं, आणि वारा लागल्यावर "ह्यँ!" करून ओरडलं.

शिट्टी वाजली. बायको सावकाश निघाली, डॉक्टरांनी सांगितलं होतं तशी. पण सावकाश म्हणजे तिचं सावकाश. पाहता पाहता ती बाकीच्या आया-बापांच्या पुढे गेली. इतक्या महिन्यांनी पायांखालून रस्ता मागे सरकत होता. छाती भरून आली तिची. पुढे बाळ हात हलवत होतं, आणि लोक टाळ्या वाजवत होते.

त्या टाळ्या तपासनीसाच्या काळजात रुतल्या. रोज या रस्त्यावर टाळ्या त्याच्या असायच्या, गाडीही त्याची असायची. "शाबास पोरी!" बाई ओरडल्या, तेव्हा त्याला राहवेना. सुपारीएवढ्या चाकांची गाडी ढकलत तो जीव खाऊन पळत सुटला.

बाकासमोर रस्त्याला एक भेग आहे. मोठ्या चाकाला ती कळतही नाही. छोटं चाक तिच्यात गपकन अडकलं, गाडीने मागचे पाय वर केले, पट्टा तुटला, आणि टोपीवालं बाळ हवेतून जाऊन बाईंच्या पायाशी धप्पकन पडलं.

सगळ्या तळ्यावर किंकाळी उठली. आणि आदर्श बापाने काय केलं? तो गुडघ्यावर बसला आणि चाक फिरवून बघू लागला.

"अहो, बाळ पडलं!" कोणीतरी ओरडलं.

"थांबा हो," तपासनीस म्हणाला, "बघा, इथेच अडकलंय. मी आधीच सांगितलं होतं."

बाईंनी बाळाला उचललं. शिवण उसवली होती. बाळाच्या अंगरख्यातून पांढरी धार लागली आणि बाईंच्या चपलांवर तांदळाचा ढीग साचू लागला. दौडीसाठी मांडलेल्या प्रथमोपचाराच्या टेबलापासून एक डॉक्टर धावत आला, त्याने टोपी काढली, आणि आत टॉवेल बघून तो दोन पावलं मागे सरकला.

"हे काय आहे?" बाईंनी मुख्याध्यापिकेच्या आवाजात विचारलं.

"चाचणीभार," तपासनीस म्हणाला. मग बाईंचे डोळे बघून म्हणाला, "तांदूळ."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"आणि जुळं?"

"एकच आहे आम्हाला. ते पुढे गेलंय."

तपासनीसाला वाटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं. तेवढ्यात बाकावरचे एक आजोबा हळूच म्हणाले, "म्हणजे बाळाला बसवायच्या आधी एवढे दिवस तांदूळ घेऊन पळाला? बाळाला त्रास नको म्हणून?"

"खरंच की!" एक आजी म्हणाल्या. "आमच्याकडे खऱ्या पोराला कधी घेतलं नाही यांनी. हा तांदळांनासुद्धा टोपी घालून फिरवतो!"

"किती ती काळजी!"

"पण बायको बघा," तिसरीने सुरुवात केली. "बाईंना तोंडावर खोटं सांगितलं. जुळं म्हणे!"

"मला!" बाई एकदम भानावर आल्या. "माझ्या तोंडावर! आणि नवऱ्याची गाडी इथे उलटलीय तर ही बघा, मागे वळून पाहिलंसुद्धा नाही."

तांदूळ झाडून होईपर्यंत तपासनीस निर्दोष सुटला होता. त्याच्या हातात पुष्पगुच्छही आला. त्याने तो घेतला, हे सांगायला लाज वाटते, पण घेतला. तोवर बायको फेरी संपवून आली. तिने थांबून बाळाला पाणी पाजलं, समोरचा प्रकार पाहिला, पुष्पगुच्छ पाहिला, आणि काय घडलं असेल ते ओळखलं. तपासनीस ओशाळून हसला.

"अगं, सगळ्यांनी समजून घेतलं मला," तो म्हणाला.

"मीही घेतलं," बायको म्हणाली. "शाळा सुरू होईपर्यंत आणि नंतरही, एक दिवस मी बाळाला घेऊन धावणार आणि एक दिवस एकटी. उद्या एकटी."

"आणि बाळ?"

"तुझ्याकडे."

"माझ्याकडे? एकट्याकडे? अगं, मला कुठे जमतंय! मी त्याला कधी..."

"हळू बोल," बायको म्हणाली. "आदर्श बाप आहेस. लोक ऐकतायत."

तपासनीसाने आजूबाजूला पाहिलं आणि तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कपाटातून बूट काढले, नाड्या आवळल्या, दूध कुठे आहे, लंगोट कुठे आहेत ते नवऱ्याला दाखवलं आणि रिकाम्या हातांनी खाली उतरली. अंग इतकं हलकं झालं होतं की पहिली दोन पावलं चुकलीच. इमारतीपासून थोडी लांब गेली तोच वरच्या मजल्यावरून भोंगा सुरू झाला. पाठोपाठ नवऱ्याची हाक आली, "अगं! अगं, ऐकतेस का?" ती जागच्या जागी पाय हलवत थांबली आणि कान देऊन ऐकलं. रडणं भुकेचं नव्हतं, दुखण्याचंही नव्हतं. नुसता राग होता. "दाखव चांगला," ती म्हणाली आणि पुढे निघाली.

बाकावर सगळी मंडळी बसली होती. बाईंनी तिला लांबूनच हेरलं.

"बाळ कुठंय गं?"

"घरी, त्याच्या बापाजवळ."

"एकट्या बापाजवळ?" बाई उठून उभ्या राहिल्या. "एवढंसं लेकरू त्या बिचाऱ्यावर टाकून पळत सुटलीस? अगं, कसली आई तू..."

पुढे त्या बरंच काही बोलल्या, असं म्हणतात. तिला ऐकू आलं नाही. ती तळ्याचं वळण घेऊन पलीकडे गेली होती, आणि तिथून पुढे रस्ता सरळ होता.